क्लिकर बसवताय? आधी बाण न सोडायला शिका

क्लिकर, म्हणजे धनुष्य पुरेसं ओढलं की 'टक्' वाजणारी छोटी पट्टी. तो लावल्यावरचा माझा पहिला बाण मी सोडला नव्हता. शेजारच्या दहावीतल्या मुलाच्या क्लिकरने तो सोडला. सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर आम्ही सकाळी सहाला जमायचो. मी अँकरला, म्हणजे ओढणारा हात चेहऱ्याशी टेकवायच्या ठरलेल्या जागी पोचलो होतो, दोरी हनुवटीला टेकली होती, बाणाचं टोक पट्टीखालून निघायला अजून चार-पाच मिलिमीटर बाकी होते. तेवढ्यात पलीकडे 'टक्' झालं आणि माझी बोटं उघडली. बाण टार्गेटवरून गेला आणि मागच्या मुरमाच्या बांधात रुतला. सर शांतपणे म्हणाले, "तुला सोड म्हणून कोण सांगितलं बे? ते बंदुकीचं घोडं हाय का? मोजपट्टी हाय ती."

मोजपट्टी हा शब्द मला तेव्हा कळला, हातात उतरायला मात्र दोन-अडीच महिने लागले. त्या दिवसांत जे उमगलं ते इथे क्रमाने लिहितो. नुकताच रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य घेतलेला, १८ मीटरवर बाण बऱ्यापैकी एका जागी पडू लागलेला आणि आता 'क्लिकर लाव' असा सल्ला मिळालेला माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. उजव्या हाताने ओढणारा धरलाय, डावखुऱ्यांनी बाजू उलटी समजावी.

क्लिकर म्हणजे काय आणि कुणाला लागतो

रायझरच्या, म्हणजे धनुष्याच्या मधल्या पकडायच्या भागाच्या खिडकीत, बाण टेकतो त्या रेस्टच्या पुढे, वरच्या अंगाला स्क्रूने बसवलेली पातळ पट्टी. पोलादाची किंवा कार्बनची. बाण दोरीला लावल्यावर पट्टी बोटाने उचलून बाण तिच्याखाली सरकवायचा. धनुष्य ओढत गेलं की बाण मागे येतो, शेवटी त्याचं टोक पट्टीच्या कडेतून निसटतं आणि पट्टी रायझरवर किंवा त्यासाठी लावलेल्या प्लेटवर आपटते. तोच आवाज. बाणांची लांबी सारखी असेल तर आवाज आला त्या क्षणी धनुष्य प्रत्येक वेळी तेवढंच ओढलेलं असतं. बास, एवढंच काम.

एवढ्याशा कामाला एवढं महत्त्व का, तर रिकर्व्हमध्ये एक इंच जास्त ओढलं की साधारण दोन ते अडीच पाउंड वजन वाढतं. म्हणजे अर्धा सेंटिमीटर कमी-जास्त झालं तरी बाणाचा वेग बदलतो. १० मीटरवर ते जाणवतही नाही. ७० मीटरवर, जिथे १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १२.२ सेंटिमीटरचं असतं, तिथे बाण वर-खाली सांडायला लागतात आणि आपण उगीच नेम धरायच्या साइटचे स्क्रू फिरवत बसतो.

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला विश्वविजेते झाले, तेव्हापासून आमच्या मैदानावर नवी पोरं वाढली. त्यातली काही विचारतात, अदितीच्या धनुष्यावर क्लिकर का दिसत नाही? कारण ते कंपाउंड, चाकांचं धनुष्य. त्यात पूर्ण ओढल्यावर चाकं अडतात, पुढे ओढलंच जात नाही, म्हणून लांबी आपोआप ठरते. रिकर्व्हला अशी भिंत नाही. टोकियो ऑलिंपिक खेळलेला साताऱ्याचाच प्रवीण जाधव रिकर्व्हवाला, त्याचे व्हिडिओ बघताना पट्टीकडे लक्ष द्या. साइट न लावता मारायच्या बेअरबो प्रकारात मात्र क्लिकर लावायला नियमानेच बंदी आहे. आणि रिकर्व्हमध्येही तो यांत्रिकच हवा, इलेक्ट्रॉनिक चालत नाही.

लावायची घाई नको

माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे क्लिकर फार लवकर लावला जातो. किटसोबत आला, मग बसवून टाकला. ज्याचा अँकरच रोज वेगळ्या जागी पडतो त्याला क्लिकर दिला, तर तो अँकर सोडून क्लिकरच्या मागे लागतो. हनुवटी पुढे काढतो, मान मागे टाकतो, खांदा कानाला लावतो, कसंही करून 'टक्' मिळवतो. ही सवय नंतर मोडायला वर्ष जातं.

तुमची तयारी तपासायला दोन गोष्टी पुरेत. एक, ओढून अँकरला आल्यावर मनात दहा आकडे मोजा आणि न सोडता सावकाश उतरा. मध्ये थोडी विश्रांती घेऊन असं तीनदा करा. तिसऱ्यांदाही पुढचा हात थरथरत नसेल तर वजन झेपतंय. थरथरत असेल तर हलके लिंब (धनुष्याचे वर-खालचे वाकणारे भाग) मागून घ्या, किंवा लिंबचे बोल्ट कंपनीने दिलेल्या मर्यादेत थोडे सैल करून पाउंड-दोन पाउंड कमी करा. जड धनुष्यावर क्लिकर शिकणं म्हणजे पाठीवर पोतं घेऊन सायकल शिकणं.

दुसरी तपासणी मोबाइलची. तुमच्या पाठीच्या बाजूने, बाणाच्या उंचीवर, शूटिंग लाइनच्या रेषेतच स्टँडवर मोबाइल ठेवा. पाठीच्या बाजूने अशासाठी की उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण रायझरच्या डाव्या अंगाला असतो, छातीकडून तो झाकला जातो. क्लिकरशिवाय बारा बाण मारा. प्रत्येक वेळी सोडण्याच्या आधी टोक रायझरच्या तुलनेत कुठे आहे ते चित्र थांबवून बघा. बारापैकी नऊ-दहा बाणांत फरक सेंटिमीटरच्या आत असेल तर पुढे जा. नसेल तर अजून महिनाभर कोऱ्या टार्गेटवर अँकर पक्का करा, काही बिघडत नाही.

वाढत्या वयाच्या मुलांबद्दल पालकांना एक सांगतो. तेरा-चौदाव्या वर्षी पोरगं दर काही महिन्यांनी उंच होतं, हात लांब होतात. त्याचा क्लिकर बसवला आणि विसरलो असं चालत नाही. दर दोन महिन्यांनी वरची मोबाइलवाली तपासणी पुन्हा करा.

बाण आधी, पट्टी नंतर

नवशिक्यांचे बाण मुद्दाम लांब ठेवलेले असतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्यामुळे पूर्ण ओढल्यावरही टोक रायझरच्या बरंच पुढे राहतं आणि रायझरवरची पट्टी त्याला पोचतच नाही. इथे तीन वाटा आहेत. ओढण्याची लांबी पक्की झाली असेल तर बाण कापून घ्यायचे. अजून बदलत असेल तर रायझरला पुढे काढता येणारी प्लेट लावायची, किंवा साइटच्या दांडीवर बसणारा क्लिकर घ्यायचा. मला विचाराल तर पहिल्या वर्षी कापण्याच्या भानगडीत पडू नका. एकदा कापलेला बाण लांब होत नाही, शिवाय आखूड झाला की तो जास्त कडक वागतो आणि जुळवलेलं सगळं पुन्हा जुळवावं लागतं.

कापायचाच असेल तर करवतीने घरी कापू नका. कार्बनचा शाफ्ट चिरतो, त्याची भुकटी फुप्फुसात जाते. वेगाने फिरणारी कापणी चकती ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच करून घ्या. आणि कितीही मोह झाला तरी इतका आखूड करू नका की पूर्ण ओढल्यावर टोक बटनाच्या, म्हणजे बाण बाजूने टेकतो त्या रेस्टजवळच्या बटनाच्या, जवळ येईल. टोक बटनापुढे किमान इंचभर राहिलंच पाहिजे. टोक रेस्टच्या मागे आलं आणि दोरी सुटली, तर बाण पुढच्या हातात घुसू शकतो. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आता एक बारीक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. क्लिकर बाणाची लांबी मोजतो, म्हणून बाणांमधला फरक तो तुमच्या अंगावर टाकतो. बाण टार्गेटमधून उपसताना कधी कधी टोक एक-दोन मिलिमीटर बाहेर सरकतं, नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी मागची खाच, पूर्ण आत बसलेला नसतो. मग एक बाण पटकन 'टक्' देतो, दुसरा देतच नाही, आणि आपण स्वतःला दोष देत बसतो. दर आठवड्याला सगळे बाण नॉक खाली करून काचेवर किंवा फरशीवर उभे धरा, भिंतीला टेकवून. टोकं एका रेषेत नसतील तर लगेच कळतं. माझ्या आठ बाणांत एक असा निघाला होता. त्याच्यावर मी पंधरा दिवस रागावलो होतो, खरं तर स्वतःवरच.

पट्टी बसवणं

साधी पोलादी पट्टी काही शे रुपयांत मिळते, शिकायला तीच घ्या. रायझरवर क्लिकरसाठी आटे पाडलेली भोकं असतात. वरच्या भोकात स्क्रू हाताने बसवा, पट्टी बाणावरून सरळ खाली, बाणाला काटकोनात लोंबली पाहिजे. तिचं खालचं टोक बाणाच्या थोडं खाली उतरावं, पण रेस्टच्या तारेला लागू नये. आता बाण खाली घाला आणि पट्टीचा दाब बघा. दाब इतकाच हवा की निसटल्यावर स्पष्ट आवाज येईल. फार कडक असेल तर ती बाणाला बटनावर रेटते, ओढताना टोकाला खरवडते आणि बाण रेस्टवरून हलतो. फार ढिली असेल तर 'टक्'च्या जागी नुसतं 'फुस्' होतं. पट्टी काढून बोटांत धरून थोडी वाकवली की दाब बदलतो. एकदम नाही, जरा-जरा.

मग लागतो खरा प्रश्न: कुठे?

अंग गरम झाल्यावर, पण थकण्याआधी, टार्गेटपासून चार-पाच मीटरवर उभे राहा. टार्गेटवर कागद लावू नका. बाणाच्या पुढच्या भागावर टोकापासून मोजलेल्या मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवा. जोडीदाराला पाठीच्या बाजूला, लाइनच्या मागेच उभं करा, पुढे कधीच नाही. डोळे मिटून अँकरला या, मनासारखं बसलं की 'हं' म्हणा, जोडीदार रायझरच्या पुढच्या कडेशी कोणती खूण आली ते वाचून लिहील. उतरा. असं दहा वेळा. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा सोडून बाकीच्यांचा मध्य काढा.

पट्टीची कड त्या मध्यावर नको. सुरुवातीला ती मध्याच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे, म्हणजे टार्गेटच्या दिशेने ठेवा. तिथे ती अँकरला पोचता-पोचताच वाजेल. इथे गोंधळ होतो म्हणून पुन्हा सांगतो: पट्टी टार्गेटकडे सरकवली की कमी ओढून आवाज येतो, तुमच्याकडे सरकवली की जास्त ओढावं लागतं. पहिल्या दोन आठवड्यांत सोपंच असू द्या. मग ती एकेक मिलिमीटर मागे आणत शेवटी अशा जागी आणायची की अँकरला घट्ट बसल्यावर टोकाचे फक्त दोन-तीन मिलिमीटर पट्टीखाली उरलेले असतील. बसवलेल्या जागेवर रायझरला पेन्सिलने बारीक रेघ मारा, त्यावर तारीख लिहिलीत तर आणखी बरं.

पहिला आठवडा: वाजवा आणि उतरा

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग.

पहिला आठवडाभर क्लिकरवर एकही बाण सोडू नका. टार्गेटसमोर चार-पाच मीटरवर उभे राहा, बाण लावा, पट्टीखाली घाला, ओढा. 'टक्' झालं की ओढत राहून मनात एक, दोन, तीन म्हणा आणि सावकाश उतरा. रोज वीस वेळा. टार्गेट समोर हवंच, कारण चुकून बोटं उघडतील आणि पहिल्या दिवशी ती उघडतातच. बाण न लावता दोरी कधीच सोडू नका, लिंब फुटू शकतात.

हे कंटाळवाणं आहे. तिसऱ्या दिवशी मी सरांना म्हणालो, आपण धनुष्य ओढायला येतो की उतरवायला? ते म्हणाले, "उतरवाय येतंय का आधी ते बघ." खरंच येत नव्हतं. 'टक्' झालं की माझं सगळं अंग एकदम ढिलं पडायचं, जणू काम संपलं. पुढचा हात खाली, पाठ मोकळी, दोरीने मला पुढे खेचलेलं. सोडतानाही तेच होत असणार, फक्त बाण सुटल्यामुळे दिसत नव्हतं एवढंच.

आमच्या घरी, सोलापूरच्या पूर्व भागात, लहानपणी मागाच्या आवाजात झोपायची सवय होती. चारही माग चालू असले की कुणी ऐकत नसे. एखादा बंद पडला की वडील झोपेतून उठायचे. आवाज बदलला की काहीतरी करायचं, ही सवय अंगात अशी बसते. क्लिकरच्या बाबतीत ती बसण्याआधीच तोडून टाकायची असते, म्हणून हा उतरण्याचा आठवडा.

दुसरा आठवडा: जोडीदार ठरवेल

आता जोडीदार मागे उभा राहील. 'टक्' झालं की तो अर्ध्या-एक सेकंदाने 'सोड' किंवा 'उतर' म्हणेल. तुम्हाला आधी माहीत नसतं. दहात चार वेळा 'सोड', सहा वेळा 'उतर' असं ठेवा, पण क्रम बदलता. जोडीदार नसेल तर खिशात दहा चिठ्ठ्या ठेवा आणि ओढण्याआधी एक बघा, तितकं चांगलं नाही, पण चालतं. कोरं टार्गेट, चार-पाच मीटर, रोज तीस-चाळीस वेळा. इथे बाण कुठे लागतो ते बघायचंच नाही.

बोटं आवाजावर नाही, तुमच्या निर्णयावर उघडायला लागली की ऑलिंपिकमध्ये दिसतं तसं 'टक्' आणि सोडणं एका श्वासात करायला हरकत नाही. वरच्या दर्जाचे तिरंदाज जवळजवळ लगेच सोडतात, हे खरं. पण त्यांचं ओढणं आवाजाने थांबत नाही, आवाजातून पुढे चालू राहतं. आपण नक्कल फक्त लगेच सोडण्याची करतो.

शेवटचे तीन मिलिमीटर

अँकरला बसलात, टोकाचे दोन-तीन मिलिमीटर बाकी आहेत. ते कुणी ओढायचे? बोटांनी नाही, मनगटाने नाही, दंडाने नाही. पाठीने.

पाठीवर उजव्या खांद्याचं जे पसरट हाड आहे, ज्याला फरा म्हणतात, ते पाठीच्या कण्याकडे सरकतं. कोपर मागे आणि थोडं आत फिरतं. त्याच वेळी डावा हात टार्गेटकडे ताणला जातो, रेटला नाही, ताणला. दोन्ही बाजू एकदम वाढतात, म्हणून मैदानावर याला एक्सपान्शन म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला काहीच हललेलं दिसत नाही, दिसलं तर चुकलं.

हे धनुष्यावर शिकता येत नाही, आधी रबरावर शिका. व्यायामाचं रबर धनुष्यासारखं ओढा, अँकरला या, आणि जोडीदाराला सांगा की त्याने दोन्ही फऱ्यांच्या मध्ये, कण्याशेजारी बोट टेकवावं. ते बोट फऱ्याने दाबायचं, खांदा वर न उचलता. हात नुसता मागे खेचला तर बोटाला काहीच जाणवणार नाही. हे घरी टीव्हीसमोर बसूनही होतं. मी जेवल्यावर भाकरी पचेपर्यंत करायचो आणि बायको म्हणायची, आता पाठ खाजवतोय की काय हा माणूस.

वेळेचं भान ठेवा. अँकरला आल्यापासून दोन ते चार सेकंदांत 'टक्' व्हायला हवं. सहा सेकंद झाले आणि वाजलं नाही, तर उतरा. पुन्हा श्वास, पुन्हा ओढा. सातव्या-आठव्या सेकंदाला वाजलेल्या क्लिकवर सोडलेला बाण नशिबाचा असतो. स्पर्धेत आळीपाळीने मारायच्या फेरीत एका बाणाला २० सेकंद मिळतात, त्यात एकदा उतरून पुन्हा ओढायला वेळ पुरतो, फक्त उतरायची सवय हवी.

डोळे कुठे ठेवायचे याबद्दल मतभेद आहेत. मी अँकरला येता-येता एकदा पट्टीकडे बघतो, टोक जवळपास ठरलेल्या जागी आलंय का, आणि मग नजर साइटवर नेतो, ती पुन्हा पट्टीवर आणत नाही. टोक निमुळतं असेल तर शेवटच्या मिलिमीटरांत पट्टी हळूहळू उतरताना दिसते आणि 'आता वाजणार, आता वाजणार' अशी धडधड सुरू होते. पट्टीकडे बघत राहणाऱ्याला ती धडधड कायमची लागते.

काय चुकतं आणि का

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे थांबणं. अँकरला आले, साइट टार्गेटच्या मधल्या पिवळ्यावर आली, आणि सगळं थांबलं. मग टोक एक-दोन मिलिमीटर पुढेच सरकतं, कळतही नाही. मग एकदम झटका देऊन 'टक्' काढायचं. मोबाइलवर हे स्पष्ट दिसतं: टोक थांबलं, पुढे गेलं, धक्क्याने मागे आलं. उपाय एकच, साइट पिवळ्यावर हलत असली तरी पाठ चालू ठेवा. साइट पूर्ण स्थिर होत नाही, कुणाचीच होत नाही.

दुसरी चूक डोक्याची. पट्टी वाजत नाही म्हणून डोकं हळूच मागे जातं, त्याबरोबर अँकर मागे जातो, लांबी मिळते. बाण वर-खाली पसरलेले दिसतील. जोडीदाराने कानामागे एक बोट टेकवून ठेवलं तर डोकं हललं की लगेच कळतं.

पुढचा खांदा वर चढला तर धनुष्य प्रत्यक्षात जवळ येतं, लांबी कमी होते, 'टक्' दूर जातं, मग मागचा हात जास्त ओढतो. असं असेल तर क्लिकरला हात लावू नका, धनुष्य उचलण्यापूर्वीच खांदा खाली घ्यायला शिका. खांदा वर नेऊन मग खाली आणता येत नाही.

आणि क्लिक होण्याआधी सुटणं. बाण टोकासकट पट्टीखालून पळतो, एक विचित्र खडखडाट होतो. एकदा झालं तर अपघात, दिवसात तीनदा झालं तर मनात भीती बसली आहे. मग लाज न बाळगता पहिल्या आठवड्याच्या कामाला परत जा. मी दोनदा गेलोय.

वर सांगितलेल्या सगळ्या चुकांवर एक चुकीचा उपाय आहे, तो म्हणजे पट्टी हलवणं. सराव संपत आला की सगळ्यांनाच क्लिकर जड लागतो, ती थकव्याची खूण, पट्टीची नाही. पट्टी हलवायची तर सलग तीन-चार दिवस, ताज्या अंगाने, पहिल्या पन्नास बाणांत एकच अडचण दिसली तरच, आणि एका वेळी एकच मिलिमीटर. हो, दोरी ओढताना बोटांवर घालायचा टॅब नवा घेतला, ग्रिप बदलली किंवा ग्रिपवर पंजा बसण्याची जागा बदलली तर लांबी खरोखर बदलते, तेव्हा मोजणं पुन्हा करा. क्लिकर स्थिरावला की साइटच्या जुन्या खुणाही विसरा. बहुतेकांची ओढ थोडी वाढते, बाण वर लागू लागतात.

आवाज, ऊन, शेजारी

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो, म्हणून साडेआठच्या आत सराव आटपा. घामाने टॅब निसरडा होतो, बोटांत जास्त जोर लागतो आणि पाठीचं काम बोटं करायला लागतात. टॅब पुसायला सुती फडकं कमरेला लावा. मुरमाची बारीक धूळ पट्टी आणि प्लेटच्या मध्ये बसून आवाज बद्द होतो, सरावाआधी पट्टी उचलून एक फुंकर मारा. धनुष्य आणि बाण उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका.

गणपतीचे दिवस आले की संध्याकाळचा सराव डीजेच्या आवाजात होतो. तेव्हा मला कळलं की 'टक्' हाताच्या तळव्यालाही जाणवतं, ग्रिपमधून एक बारीक ठोका येतो. आता आठवड्यातून एकदा आम्ही कानात कापूस घालून दहा बाण मारतो. स्पर्धेच्या लाइनवर दोन्ही बाजूंनी दुसऱ्यांच्या पट्ट्या वाजत असतात, तिथे हे कामी येतं. दुसरा एक सराव: जोडीदार शेजारी उभा राहून रिकामी पट्टी बोटाने वाजवत राहतो, मधूनच, वाट्टेल तेव्हा. तुम्ही स्वतःच्या ठोक्यावरच सोडायचं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा दहात चार बाण त्याच्या वाजवण्यावर गेले, आणि तो दहावीतला मुलगा, आता बारावीत आहे, पोट धरून हसला.

अंतर सावकाश वाढवा. कोऱ्या टार्गेटवरचे दोन आठवडे झाले की १० मीटरवर मोठं १२२ सेंटिमीटरचं टार्गेट, मग १८, मग ३०. प्रत्येक ठिकाणी आठवडाभर. ३० मीटरवर गेल्यावरही रोजचे पहिले बारा बाण कोऱ्या टार्गेटवरच, त्यातले चार वाजवून उतरायचे.

आणि किटच्या पिशवीत एक जादा पट्टी, दोन जादा स्क्रू आणि त्या स्क्रूला बसणारी ॲलन की ठेवा. स्क्रू कंपनाने सैल होतो, सरावाआधी रोज बोटाने चाचपून बघा. माझा एकदा सराव स्पर्धेत मुरमात पडला आणि आम्ही चौघं गुडघ्यांवर बसून शोधत राहिलो. शेवटी शेजारच्या लाइनवरच्या बाईंनी त्यांचा जादा स्क्रू दिला. तो अजून माझ्याच रायझरवर आहे, परत करायचा राहिलाय.